फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर घरच्यांनी काय करायचं

आमच्या धाकट्याला पहिली लांब फिट आली तेव्हा तो चार वर्षांचा होता. घरात नणंदेच्या मुलीची हळद, अंगणात पन्नासएक माणसं, आणि हा ओट्यावर खेळताखेळता एकदम ताठ झाला, डोळे वर गेले आणि मग हातपाय झटकायला लागला. कुणी चमचा आणला, कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडला, चुलत सासऱ्यांनी त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. गाडी काढा, गाडी काढा असा नुसता गलका, आणि रस्त्यात मांडवाचे खांब, त्यामुळे गाडी निघेना. तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा फिट चालूच होती, तिथे शीर सापडेपर्यंत अजून वेळ गेला. नंतर फोनवरचे कॉल बघून हिशेब लावला तर सगळं मिळून पंचवीस मिनिटांच्या वर झालेली. चमच्याने पुढचा दात तुटला होता. एवढ्या माणसांत घड्याळ एकानेही बघितलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

ज्यांच्या घरात नुकतंच कुणाला एपिलेप्सीचं निदान झालंय त्यांच्यासाठी हे लिहितेय, मग तुमच्याकडे त्याला फिट म्हणत असतील, आकडी, फेफरं किंवा मिरगी. मी डॉक्टर नाही, आई आहे. सात वर्षं न्यूरोच्या ओपीडीत बसून, दोनदा आयसीयूच्या बाहेर रात्र काढून आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून जे कळलं ते सांगतेय. डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलाच, माझा किंवा शेजारणीचा नाही. आणि यातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल पण एवढं राहू द्या की लांबलेल्या फिटचं पहिलं औषध घरातच, पाचव्या मिनिटाला गेलं पाहिजे, बाकीची सगळी धावपळ त्याच्या मागून.

साधी फिट कुठली आणि लांबलेली कुठली

बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. बघणाऱ्याला ती तीन मिनिटं अर्ध्या तासाएवढी वाटतात हे मला माहितीय, पण घड्याळाने तेवढीच असतात. पाच मिनिटं ओलांडली की मात्र ती आपली आपण थांबेल याची शक्यता झपाट्याने कमी होत जाते. या अवस्थेला डॉक्टर स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात, वॉर्डात नुसतंच "पेशंट स्टेटसमध्ये गेलाय" असं बोलतात, नवीन माणसाला काही कळत नाही, म्हणून शब्द माहीत असू द्या.

पूर्वी अर्धा तास फिट चालली तरच स्टेटस म्हणायचे. २०१५ साली एपिलेप्सीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नवी व्याख्या केली त्यात दोन वेळा दिल्यात. सगळं अंग झटकणाऱ्या मोठ्या फिटसाठी पहिली वेळ ५ मिनिटं, म्हणजे उपचार इथे सुरू करायचा, आणि दुसरी ३० मिनिटं, म्हणजे याच्यापुढे मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका. ज्यात भान हरपतं पण सगळं अंग झटकत नाही, एकच बाजू किंवा एकच हात हलतो, अशा फिटसाठी पहिली वेळ १० मिनिटांची धरतात. आपल्याला पहिलीच वेळ पाठ पाहिजे. दुसरीपर्यंत जायचंच नाही.

पाच मिनिटांचा एवढा हट्ट का, हे मला एका रेसिडेंट डॉक्टर मुलीने रात्री दोन वाजता कागदावर चित्र काढून समजावलं होतं. मेंदूत ब्रेक लावणारं एक रसायन असतं, त्याला गाबा म्हणतात. पेशीच्या भिंतीवर त्याच्यासाठी कुलुपं असतात, गाबा जाऊन त्यात बसला की ती पेशी शांत होते. आपण देतो ते मिडॅझोलॅम, लोराझेपॅम, डायझेपॅम ही औषधं याच कुलुपांवर काम करतात. फिट चालूच राहिली की पेशी ही कुलुपं भिंतीवरून आत ओढून घ्यायला लागते आणि वर भडका वाढवणारी दुसरी कुलुपं बाहेर यायला लागतात. म्हणजे पाचव्या मिनिटाला जे औषध पटकन लागू पडतं तेच तिसाव्या मिनिटाला तेवढंच देऊनही पुरत नाही, कारण ते बसायला जागाच कमी उरलेली असते. हे चित्र डोक्यात बसल्यापासून मी गाडीच्या चावीच्या आधी औषधाची पाऊच उचलते.

पहिली पायरी: घड्याळ

फिट सुरू झाली की पहिल्यांदा वेळ बघायची. मोबाइलचा स्टॉपवॉच लावा, तो सापडत नसेल तर भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ मोठ्याने बोला, "सात बावीस" असं, चार माणसांच्या कानावर पडलं की कुणाच्या तरी लक्षात राहतं. आमच्याकडे हे काम सासूबाईंचं आहे, दर मिनिटाला त्या मोठ्याने सांगतात, एक झालं, दोन झाली. त्याने सगळ्यांचे हातपाय जाग्यावर राहतात हा वेगळाच फायदा.

इथे नवीन माणसाच्या दोन चुका होतात. एक म्हणजे फिटनंतरची झोप मोजायची आणि "तासभर फिट चालली" म्हणून सांगायचं. झटके थांबले, अंग सैल पडलं, घोरल्यासारखा श्वास सुरू झाला तर फिट थांबलीय, पुढची गुंगी पाऊण तास राहिली तरी ती फिटमध्ये धरायची नाही. दुसरी चूक उलटी आणि जास्त धोक्याची. मोठे झटके कमी होतात, घरचे म्हणतात थांबली बाबा, पण डोळे एकाच बाजूला खेचलेले असतात, पापणी फडफडत असते, अंगठा किंवा ओठाची कड बारीक बारीक उडत असते. ही फिट अजून चालूच आहे आणि स्टॉपवॉच बंद करायचा नाही. म्हणून थांबल्यासारखी वाटली की जवळ जाऊन पापण्या, तोंडाची कड आणि बोटं नीट बघा, नावाने हाक मारा, काही मिनिटांत हळूहळू तरी प्रतिसाद यायला लागला पाहिजे.

आणखी एक प्रकार म्हणजे फिट दोनच मिनिटांची, पण माणूस शुद्धीवर यायच्या आत दुसरी, मग तिसरी. मधे थांबली म्हणून घड्याळ शून्यावर आणायचं नाही. पूर्ण शुद्ध न येता लागोपाठ येणाऱ्या फिट म्हणजे स्टेटसच.

आणि एक शांत प्रकार असतो. अंग झटकत नाही, माणूस बसलेला असतो पण भलतंच बोलतो किंवा बोलतच नाही, ओठ चाटतो, कपडे चाचपतो, नजर हरवलेली, आणि हे अर्धा तास, तासभर, कधीकधी दिवसभर चालतं. घरच्यांना वाटतं बाहेरचं काहीतरी झालंय किंवा डोक्यावर परिणाम झाला. ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून काढतात तो मेंदूचा आलेख, काढल्याशिवाय याचा पत्ता लागत नाही. एपिलेप्सीच्या पेशंटचं वागणं अचानक असं झालं आणि उतरेना तर त्याच दिवशी, त्याच वेळी हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका.

दुसरी पायरी: कुशीवर, आणि तोंडात काही म्हणजे काही नाही

पडला असेल तिथेच राहू द्या, फक्त विस्तव, पाणी, जिन्याची कड, रस्ता यापासून लांब घ्या. डोक्याखाली उशी, टॉवेल, दुमडलेली ओढणी, काहीही मऊ. चष्मा काढा, शर्टाचं वरचं बटण, टाय, गळ्यातलं घट्ट काही असेल ते सैल करा. जमेल तितक्या लवकर एका कुशीवर वळवा, तोंड थोडं जमिनीकडे, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर पडते, श्वासात जात नाही. झटके फार जोरात असतील तर थोडे ओसरेपर्यंत थांबून वळवलं तरी चालतं.

हातपाय दाबून धरायचे नाहीत, त्याने फिट थांबत नाही, खांदा मात्र निखळू शकतो. चमचा, बोट, रुमाल, लाकूड, पाणी, साखर, गोळी, यातलं काही तोंडात घालायचं नाही. जीभ गिळली जात नाही. जीभ चावली जाऊ शकते, थोडं रक्त येतं, ती भरून निघते, पण चमच्याने तुटलेला दात श्वासनळीत गेला तर काय होईल याचा विचार करा. कांदा, चप्पल, लोखंड याने फिट थांबते असं लोकांना वाटतं कारण तीन मिनिटांत ती तशीही थांबणारच असते आणि नेमका त्याच वेळी कांदा नाकाशी असतो. म्हाताऱ्या माणसांशी त्या क्षणी वाद घालत बसू नका, त्यांना काहीतरी काम द्या, वारा घाला म्हणावं, गेट उघडा म्हणावं.

पहिल्या मिनिटात ओठ निळसर पडतात, श्वास अडकल्यासारखा होतो, त्याने घाबरून जाऊ नका, ताठ झालेल्या अंगात छातीही ताठलेली असते. झटके संपल्यावर मात्र श्वास परत सुरू झालाच पाहिजे आणि रंग परत आलाच पाहिजे. नाही आला तर तिथल्या तिथे छाती दाबायला सुरुवात आणि १०८.

तिसरी पायरी: पाचव्या मिनिटाला औषध

आपल्याकडे घरी द्यायला बहुतेक वेळा नाकातला मिडॅझोलॅम स्प्रे लिहून देतात. काही डॉक्टर गालाच्या आतल्या बाजूला द्यायचं मिडॅझोलॅम सांगतात, सुई काढलेल्या सिरिंजने, तेही चांगलं, तोंडात काही घालायचं नाही या नियमाला एवढाच अपवाद. निदान झाल्यावर डॉक्टरांनी स्वतःहून लिहून दिलं नाही तर विचारा, "घरी द्यायला इमर्जन्सी औषध काय ठेवू?" हे औषध प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही, म्हणून आधीच आणून ठेवायचं असतं.

स्प्रे कसा द्यायचा हे शांतपणे बसून आधी शिका. नवीन बाटलीचा पंप पहिल्यांदा हवेत दाबून भरून घ्यावा लागतो, फवारा नीट यायला लागला की मग ती वापरायला तयार. आम्ही हे केलं नव्हतं, दुसऱ्या फिटच्या वेळी पहिले दोन-तीन पफ नुसतीच हवा गेली आणि मला वाटलं औषध देऊन झालं. आता बाटली घरी आली की बेसिनपाशी उभं राहून पंप भरते आणि मगच पाऊचमध्ये ठेवते. बरेच दिवस पडून असेल तर परत एकदा दाबून बघायची. देताना डोकं स्थिर धरायचं, नाक वाहत असेल तर पुसायचं, नोझल नाकपुडीत नीट बसवायचं, आणि एक पफ या नाकपुडीत, एक त्या, असं आलटून पालटून ठरलेले पफ पूर्ण करायचे. पेशंटने श्वास ओढायची गरज नाही, आतल्या ओल्या त्वचेतून औषध शोषलं जातं.

आता पफ किती, हा सगळ्यात नाजूक मुद्दा. डोस वजनावर असतो. नाकातल्या स्प्रेसाठी साधारण किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, आणि जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम असा हिशेब डॉक्टर करतात. बाजारात एका पफमध्ये ०.५ मिलिग्रॅमवाली बाटली मिळते आणि १.२५ मिलिग्रॅमवालीही मिळते. २० किलोच्या मुलाला ४ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे पहिल्या बाटलीचे आठ पफ, पण दुसऱ्या बाटलीचे तीनच्या आसपास. मेडिकलवाल्याने "हेच आहे, कंपनी वेगळी" म्हणून दुसरी बाटली दिली आणि तुम्ही सवयीने आठ पफ मारले तर डोस अडीच पट होतो. म्हणून बाटली बदलली की घरी जायच्या आधी डॉक्टरांना फोटो पाठवून पफ विचारून घ्या आणि तो आकडा बाटलीवर मार्करने लिहा. उलटंही होतं, आमचा १४ किलोचा असताना सहा पफ लिहून दिले होते, तो २१ किलोचा झाला तरी आम्ही सहाच मारत होतो आणि "या वेळी स्प्रे चालला नाही" म्हणत होतो. मूल वाढतं तसा डोस वाढवून घ्यायला लागतो, दर फॉलोअपला वजन करून हा प्रश्न विचाराच.

पुष्कळ जण घाबरून अर्धाच डोस देतात, श्वास बंद पडला तर, म्हणून. ही भीती मलाही होती आणि खोटी नाही, गुंगीच्या औषधाने श्वास मंदावू शकतो. पण न थांबलेली फिट श्वासाला त्याहून जास्त घातक असते. २००१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या अँब्युलन्समध्ये झालेल्या अभ्यासाचे आकडे प्रसिद्ध झाले, त्यात काहींना लोराझेपॅम, काहींना डायझेपॅम आणि काहींना नुसतं औषधाविना इंजेक्शन दिलं होतं. श्वासाचा आणि रक्तदाबाचा त्रास औषध मिळालेल्यांत साधारण १० टक्क्यांना झाला आणि औषध न मिळालेल्यांत २२ टक्क्यांना. अर्धा डोस म्हणजे गुंगी आली पण फिट थांबली नाही, असं दोन्हीकडून नुकसान. लिहून दिलाय तेवढा पूर्ण डोस द्या. दुसरा डोस मात्र स्वतःच्या मनाने नाही, डॉक्टरांनी कागदावर "इतक्या मिनिटांनी परत" असं लिहून दिलं असेल तरच.

औषध दिल्याची वेळ लिहा, हातावर पेनाने लिहिली तरी चालेल.

चौथी पायरी: १०८

औषध देत असतानाच दुसऱ्या माणसाने १०८ लावायचा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, पैसे लागत नाहीत, गाडीत ऑक्सिजन असतो. ११२ लावला तरी मदत मिळते. फोनवर "पेशंट सीरियस आहे" एवढंच सांगू नका, असं सांगा की "फिट चालू आहे, सहा मिनिटं झाली, वय अकरा, नाकात मिडॅझोलॅम दिलंय", मग खूण सांगा, देऊळ, पाण्याची टाकी, शाळा. एकाला रस्त्यावर उभं करा.

अँब्युलन्सला उशीर होतोय आणि स्वतःची गाडी आहे तर न्या, पण मागच्या सीटवर कुशीवर झोपवून, डोक्याशी एक माणूस बसवून. मांडीवर बसवून, मान लोंबकळत नेऊ नका, आणि टू-व्हीलरवर दोघांच्या मधे तर नाहीच. निघायच्या आधी औषध द्या. गाडीत हलत्या अंगाने नाकपुडी सापडत नाही.

काही वेळा पाच मिनिटांची वाट न बघता लगेच बोलवायचं: आयुष्यातली पहिलीच फिट, पाण्यात असताना आलेली, डोक्याला मार लागलाय, डायबेटिस आहे, तापाबरोबर मान आखडलीय. गरोदर बाईला पाचव्या महिन्यानंतर किंवा बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत फिट आली तर तो बीपीचा झटका असू शकतो, त्याचं औषध वेगळं असतं, मॅग्नेशियम सल्फेट, आणि तिथे प्रसूतीची सोय असलेलं हॉस्पिटलच पाहिजे.

लहान मुलांचं तापातलं वेगळं थोडक्यात सांगते. सहा महिने ते पाच वर्षं या वयात नुसत्या तापाने फिट येऊ शकते आणि बहुतेक मुलं पुढे ठणठणीत असतात. पण पाच मिनिटांचा नियम त्यांनाही तोच. आणि फिट चालू असताना तापाचं औषध तोंडातून पाजायचं नाही. तापही नाही आणि आधी कधी फिटही नाही अशा लहान मुलाला अचानक झटके आले तर देवघरातला कापूर खाल्लाय का बघा, निलगिरीचं तेल प्यायलाय का बघा. कापराने पोरांना फिट येते, आणि ती वडी दिसते खडीसाखरेसारखी. डबी घेऊनच हॉस्पिटलला जा.

हॉस्पिटलमध्ये काय काय होतं

हे आधी माहीत असलं की तिथे आपण निदान आडवे तरी येत नाही. पोचल्या पोचल्या ऑक्सिजन, बोटाला टोचून शुगर, शीर घेणं आणि पहिलं इंजेक्शन, लोराझेपॅम किंवा मिडॅझोलॅम. लोराझेपॅम फ्रीजमध्ये ठेवावं लागतं म्हणून छोट्या ठिकाणी बऱ्याचदा मिडॅझोलॅमच असतं, त्यात काही कमी नाही. शीर सापडत नसेल तर मिडॅझोलॅम मांडीच्या स्नायूत देता येतं. २०१२ साली अमेरिकेत अँब्युलन्समधल्या पेशंटवरचा मोठा अभ्यास आला, स्नायूत मिडॅझोलॅम दिलेल्यांपैकी ७३ टक्क्यांची फिट हॉस्पिटलला पोचेपर्यंत थांबलेली होती आणि शिरेतून लोराझेपॅमवाल्यांची ६३ टक्क्यांची, कारण शीर शोधायचा वेळ वाचला. आमच्या त्या पहिल्या वेळी मला हे माहीत असतं तर मी हात जोडून विचारलं असतं, "डॉक्टर, मांडीत देता येईल का?" तुम्ही विचारा. विचारण्यात अपमान कुणाचाच नाही.

घरी काय दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं हे सगळ्यात आधी सांगा, नाहीतर तोच डोस ते परत पहिल्यापासून मोजतात.

त्यानेही थांबली नाही तर दुसऱ्या फळीचं औषध सलाईनमधून, लेव्हेटिरॅसिटॅम, फॉस्फेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट. यातलं कुठलं चांगलं यावर नातेवाईक उगाच भांडतात. २०१९ साली तिन्हींची तुलना झाली आणि तिन्ही जवळपास सारखीच निघाली, साधारण निम्म्या पेशंटमध्ये काम करतात. त्यामुळे तिथे जे तयार आहे आणि तुमच्या पेशंटला चालतं ते लवकर मिळणं महत्त्वाचं. तेही चाललं नाही तर भूल देऊन, व्हेंटिलेटरवर ठेवून, ईईजी लावून फिट थांबवतात. व्हेंटिलेटर ऐकलं की आपले पाय गळतात, माझे गळाले होते, पण मेंदूला विश्रांती देण्यासाठी ती नळी असते, "आता काही उरलं नाही" असा त्याचा अर्थ नसतो. कन्सेंटच्या कागदावर सही करायला गावाहून काका येईपर्यंत थांबू नका.

मग कारण शोधतात: सोडियम, कॅल्शियम, सीटी किंवा एमआरआय, कधी पाठीतलं पाणी. आपल्याकडे मेंदूतली टीबीची गाठ आणि जंताची गाठ ही कारणं डॉक्टर नेहमी डोक्यात ठेवतात. पाठीतलं पाणी काढल्याने माणूस लुळा पडतो असं आमच्या वॉर्डातल्या एका आजींनी मला सांगितलं होतं आणि मी तीन तास सही केली नाही, ते तीन तास फुकट गेले. फिटनंतर एक हात किंवा पाय काही तास लुळा वाटू शकतो, डॉक्टरांना दाखवा, बऱ्याचदा तो आपोआप परत येतो.

एक बारीक गोष्ट पण फार उपयोगी: पेशंट व्हॅल्प्रोएटवर असेल आणि इन्फेक्शनसाठी मेरोपेनेम नावाचं अँटिबायोटिक चालू करत असतील तर आठवण करून द्या, त्याने रक्तातलं व्हॅल्प्रोएट खूप खाली येतं. दुखण्यासाठी ट्रामाडोल देत असतील तेव्हाही एपिलेप्सी आहे म्हणून सांगा.

आधीची तयारी

एक पाऊच करा. त्यात स्प्रे, रुमाल, पेन आणि एक कागद: नाव, वजन, कुठल्या गोळ्या किती वाजता, इमर्जन्सी डोस किती पफ, डॉक्टरांचा नंबर, कुठल्या औषधाची ॲलर्जी. तोच कागद फ्रीजच्या दारावर, एक फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये, एक वर्गशिक्षिकेकडे. शाळेत डॉक्टरांचं पत्र द्या आणि बाईंना स्प्रे हातात देऊन दाखवा, नुसतं सांगून होत नाही, बाटली हातात घेतल्यावरच माणसाची भीती जाते. पाऊच मुलाबरोबर फिरली पाहिजे, ट्यूशनला, मामाकडे, जत्रेला. कपाटात वरच्या खणात, चावी आजोबांच्या जानव्याला, असं नको.

आणि गोळ्या. आधीच एपिलेप्सी असलेल्यांमध्ये स्टेटसमागे सगळ्यात जास्त वेळा दिसणारं कारण गोळ्या चुकणं किंवा अचानक बंद करणं हेच असतं. दोन वर्षं फिट नाही म्हणून बंद केली, उपास म्हणून सकाळची घेतली नाही, गावाला गेलो आणि पाकीट घरी राहिलं, कुणीतरी जडीबुटी दिली आणि इंग्रजी औषध सोडा म्हणाला. उपासाला गोळी चालते, पाण्याबरोबर घ्या, देव रागावत नाही. उलटी-जुलाब झाले आणि गोळी पोटात राहत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. गणपतीत, नवरात्रात रात्र रात्र जागरण होतं, झोप मोडणं हेही फिटचं मोठं निमित्त आहे, आमच्या धाकट्याला आरतीला सगळं काही करू देतो पण दहाला झोपवतो. रोज दारू पिणाऱ्या माणसाने एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, तीही लांबू शकते, तिथेही हाच नियम.

लग्न ठरताना मुलींचं फार वाईट होतं. सासरी कळू नये म्हणून गोळ्या लपवून, मग चुकवून, मग बंद, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात स्टेटस, तेही अशा घरात जिथे कुणाला काही माहीत नाही आणि पहिला तास देवऋष्याकडे जातो. वॉर्डात माझ्या डोळ्यासमोर अशी एक मुलगी होती, तेवीस वर्षांची, हातावरची मेंदी पूर्ण उतरलीही नव्हती. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून एपिलेप्सीचा उल्लेख काढून टाकलाय, नुसत्या या आजारावरून लग्न रद्द होत नाही. मुलीच्या आईवडिलांना मी हात जोडून सांगते, आधीच सांगा, आणि जावयाला स्प्रे कसा मारायचा ते स्वतः शिकवा.

औषध दिल्यानंतर साधारण तीन ते पाच मिनिटांत झटके ओसरायला लागतात. मूल गाढ झोपतं, ती झोप औषधाचीही असते. कुशीवरच ठेवा, छाती वरखाली होतेय ना बघत रहा, पूर्ण जागं होऊन गिळता येईपर्यंत पाणीसुद्धा नाही. स्प्रे लागला म्हणजे त्या दिवशी डॉक्टरांनी तपासायलाच हवं, फिट घरी थांबली तरी.

मागच्या श्रावणात आमच्याकडे परत वेळ आली. सासूबाई आकडा म्हणत होत्या, चार झाली, साडेचार झाली, थोरल्या मुलाने १०८ लावला, पाच म्हटल्याबरोबर मी पहिला पफ मारला. मारून झाल्यावर हातावर लिहिलं, सहा अठ्ठेचाळीस. सहा बावन्नला त्याचा अंगठा उडायचा थांबला. अँब्युलन्स आली तेव्हा तो घोरत होता आणि गाडीतल्या डॉक्टरांनी माझा हात धरून वेळ वाचून घेतली. ती बाटली संपायला आलीय, एक तारखेला पाऊच तपासताना दिसलं, एक्स्पायरीही दिवाळीपर्यंतचीच आहे, तेव्हा उद्या सकाळी मेडिकलवाल्याकडे जायचंय, जुनं प्रिस्क्रिप्शन चालणार नाही म्हणून आधी डॉक्टरांकडून नवीन घेऊन, आणि वजन परत करून.